हक्सलीच्या मागे मागे : ऑक्सफर्ड ते फिंचली

लंडनचे पहिले दिवस एका वाक्यात संपवते. राजवाडा झाला, पूल झाले, म्युझियमच्या रांगेत पायांचे तुकडे पडले आणि चहा कुठेच धड मिळाला नाही. बस. मला लिहायचंय ते थॉमस हेन्री हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाबद्दल, कारण तो माणूस डोक्यातून जायलाच तयार नाही.

भाचा तिकडे शिकतो, त्याला म्हटलं मला ऑक्सफर्डला ने. त्याला वाटलं मला कॉलेजं बघायचीयेत. मला बघायचं होतं ते तिथलं नॅचरल हिस्टरी म्युझियम, जिथे ३० जून १८६० ला तो प्रसिद्ध वाद झाला. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' येऊन जेमतेम सात महिने झाले होते, डार्विन स्वतः आजारी होता म्हणून आलाच नाही, आणि उत्क्रांतीला विरोध करणाऱ्या बिशप विल्बरफोर्सने म्हणे भर सभेत डार्विनची बाजू घेणाऱ्या हक्सलीला विचारलं की माकडाशी तुमचं नातं आजोबांकडून की आजीकडून? त्यावर हक्सली, वय वर्षं ३५, म्हणाला म्हणे की बुद्धी असून ती सत्य झाकायला वापरणाऱ्या माणसापेक्षा माकड आजोबा परवडला. "म्हणे" दोन्हीकडे मुद्दाम लिहिलंय, कारण त्या दिवशी कोणी शब्दन् शब्द उतरवून घेतलाच नव्हता. डार्विनचा दोस्त हूकर तर नंतर लिहितो की हक्सलीचा आवाज मागेपर्यंत पोचलाच नाही, खरी बाजी मीच मारली!

म्युझियम मात्र काय सुंदर आहे. काचेचं छप्पर, लोखंडी खांब, आणि भोवतीच्या व्हरांड्यात प्रत्येक दगडी खांबाच्या डोक्यावर वेगवेगळी पानंफुलं कोरलेली. वादाच्या खोलीचं दार आम्ही गेलो तेव्हा बंद होतं. बाहेर वादाच्या आठवणीसाठी २०१० मध्ये एक दगडी खांब उभारलाय, त्याला टेकून लोक सँडविच खात होते. भाचा म्हणाला, "आत्या, एवढ्यासाठी आलो आपण?"

मग त्याला मेगॅलोसॉरस नावाच्या डायनोसॉरच्या जबड्यासमोर उभं केलं. जुन्या दातांच्या मुळाशी नवे दात वर येताना दिसतात, अगदी स्पष्ट. याच प्राण्याची हाडं बघताना १८६७ मध्ये हक्सलीच्या लक्षात आलं की खांद्याचं म्हणून ठेवलेलं एक हाड खरं तर कमरेचं आहे आणि ते पक्ष्याच्या कमरेसारखं दिसतंय. पक्षी आणि डायनोसॉर यांचं नातं त्याने पुढे जोर लावून मांडलं, ते इथून. आणि या माणसाची लहानपणीची शाळा किती, तर दोन वर्षं. जर्मन स्वतःची स्वतः शिकला. भाचा इथे जरा गप्प झाला, त्याचं जर्मन तीन ॲप बदलून अजून "गुटन टाग"लाच आहे.

पण खरी जागा ऑक्सफर्ड नाहीच. खरी जागा लंडनमधलं ईस्ट फिंचलीचं कब्रस्तान. ट्यूबने नॉर्दर्न लाइनवर जायचं, स्टेशनच्या वर एक धनुर्धारी बसवलाय तो दिसतो, मग चालायचं. टुरिस्ट शून्य. मला आख्ख्या ट्रिपमध्ये इथेच पहिल्यांदा शांत वाटलं, म्हणजे कब्रस्तानात, काय बोलायचं.

तर झालं असं की ऑक्सफर्डच्या वादाला तीन महिनेही झाले नव्हते, सप्टेंबरमध्ये हक्सलीचा पहिला मुलगा नोएल स्कार्लेट फीवरने दोन दिवसांत गेला. चार वर्षंही पूर्ण नव्हती. जून सगळे रंगवून सांगतात, पुस्तकात चित्रंबित्रं असतात, पण सप्टेंबर कोणी सांगत नाही याचा मला राग येतो. चार्ल्स किंग्जली नावाच्या पाद्री मित्राने सांत्वनाचं पत्र पाठवलं, आत्मा अमर आहे वगैरे, आणि हक्सलीने त्याला जे लांबलचक उत्तर लिहिलं ते मी घरी वाचून गेले होते. त्यात तो लिहितो की मुलाच्या शवपेटीमागे उभा असताना पाद्र्याने वाचलं, मेलेले परत उठणार नसतील तर खाऊ पिऊ या, उद्या मरायचंच आहे, आणि ते ऐकून मला विलक्षण धक्का बसला. माझं कधीही भरून न येणारं नुकसान झालंय म्हणून मी माणूसपण सोडून जनावर व्हायचं? अरे, माकडांनासुद्धा हे कळतं. त्यांचं पिल्लू मारलं तर ती बिचारी आपलं दुःख करतात, लगेच खायला धावत नाहीत.

जूनमध्ये ज्या माकडांवरून हशा झाला तीच माकडं. मी हे भाच्याला उभ्या उभ्या सांगितलं आणि माझाच आवाज गेला.

१८९५ मध्ये हक्सली गेला, त्याला इथेच नोएलशेजारी पुरलं. त्याच्या दुसऱ्या मुलाने लिहून ठेवलंय की नोएलच्या वेळी जे ओकचं रोप होतं ते ३५ वर्षांत चांगलं झाड झालं होतं. आता तिथलं ओक कुठलं ते मला विचारू नका, माझी ओळख आंबा, वड, पिंपळ इथपर्यंतच. बायको हेन्रिएटाही इथेच आहे. ती सिडनीला भेटली, हा जहाजावर डॉक्टर, लग्न ठरलं आणि मग हा इंग्लंडला परतल्यावर जवळजवळ पाच वर्षं दोघं नुसत्या पत्रांवर!

थडग्यावर तिच्याच कवितेच्या तीन ओळी आहेत, हक्सलीने स्वतः सांगून ठेवल्या होत्या. भिऊ नका, तो आपल्या लाडक्यांना झोप देतो, आणि झोप कायमची असावी अशी त्याची इच्छा असेल तर तेही उत्तमच, असा अर्थ.

"म्हणजे शेवटी देव मानलाच ना त्याने!" भाचा एकदम खूश.

मी म्हटलं, लिहिलंय बायकोने, आणि तिसरी ओळ नीट वाच, परत भेटण्याची गॅरंटी कुठे मागितलीये तिने? देव आहे की नाही हे कळायला मार्ग नाही असं आयुष्यभर म्हणणाऱ्या माणसाने याच ओळी निवडल्या यात मला काही विसंगत वाटत नाही. त्याला पटलं नाही. व्हॉट्सॲपवर वाद अजून चालूच आहे, काल त्याने एक माकडाचं स्टिकर पाठवलं.