कासला माणसं का येतात, हे नेमकं कसं विचारावं

सप्टेंबरातल्या रविवारी साताऱ्याजवळच्या कास या फुलांच्या पठाराच्या पार्किंगमध्ये कुणालाही विचारा, "का आलात?" उत्तर ठरलेलं: "निसर्ग आवडतो." ते खोटं नसतं. पण त्यावरून गाइडला किंवा होमस्टेवाल्याला काहीच ठरवता येत नाही.

पर्यटनाचे अभ्यासक कारणांचे दोन गट करतात: घरातून बाहेर ढकलणारी आणि ठिकाणाकडे ओढणारी. क्रॉम्प्टन यांच्या १९७९ च्या अभ्यासात माणसाच्या मनाशी निगडित सात कारणं निघाली. रोजच्या रगाड्यातून सुटका, आराम, घरच्यांना वेळ, प्रतिष्ठा ही त्यांतलीच. ठिकाणाशी जोडलेली कारणं दोनच, नावीन्य आणि शिकणं. आपण जाहिरात मात्र फक्त फुलांची करतो.

म्हणून प्रश्न फिरवून विचारावा: "आज फुलं उमलली नसती तर काय केलं असतं?" 'ठोसेघरच्या धबधब्याला गेलो असतो' म्हणणाऱ्याला बाहेर पडायचं होतं. 'पंधरा दिवसांनी आलो असतो' म्हणणारा फुलांसाठीच आलाय. यायचं कुणी ठरवलं, मागची सहल कुठे झाली, इथे किती वेळ थांबलात, हेही विचारा. "निसर्ग जपणं महत्त्वाचं वाटतं का?" हा प्रश्न गाळाच. त्याला सगळेच हो म्हणतात.

पाहणी करताना घोळ होतो तो माणसं निवडताना. हसतमुख दिसेल त्यालाच थांबवलं की तरुणांचे गट जास्त येतात आणि लहान मुलं सांभाळणाऱ्या बाया सुटतात. त्यापेक्षा दर दहावी गाडी घ्यावी, आणि तीत ज्या प्रौढाचा वाढदिवस सगळ्यांत आधी येणार असेल त्याला विचारावं. प्रश्न बारा-पंधराच ठेवावेत, पाच मिनिटांत उरकतील असे. विचारायचं परतताना, येताना सगळ्यांचं लक्ष पार्किंग आणि तिकिटाकडे असतं. शनिवार-रविवारबरोबर मधले वारही हवेत, कारण गर्दी टाळणारा माणूस मंगळवारीच सापडतो.

परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी उचलली तर सांगली जिल्ह्यात फसगत होते. सागरेश्वरला कितीतरी कुटुंबं आधी महादेवाच्या दर्शनाला येतात आणि मग अभयारण्यात हरणं बघतात. 'देवदर्शन' हा पर्यायच नसेल तर ती 'आराम' वर खूण करतात. सातारा जिल्ह्यातल्या वासोटा किल्ल्याचं वेगळंच. बामणोलीहून बोट, वनखात्याची परवानगी, मग दाट जंगलातली चढण. एवढं करणाऱ्याला अंगमेहनतच हवी असते. तो पर्याय स्वतंत्र द्या.

आकडे हाती आले की सगळ्यांची सरासरी काढू नका. तिच्यात दोन वेगळ्या गरजा एकमेकींना पुसून टाकतात. गट पाडा आणि प्रत्येकाला वेगळं काही द्या. फोटो आणि सोबतीसाठी आलेल्यांना आखलेल्या वाटेवरच मोकळं दिसणारं ठिकाण हवं. ते नसलं की पावलं फुलांत शिरतात. जांभ्या कातळावर मातीचा थर इतका पातळ असतो की तुडवल्यावर ती घट्ट बसते आणि त्यातले कंद नि बी दबून जातात. शिकायला आलेल्यांसाठी आठ-दहा जणांचा गट, एक भिंग आणि 'सीतेची आसवं' या फुलांपाशी निवांत वेळ हवा. चिमुकलं निळं-जांभळं फूल, आणि त्याचे ओल्या मातीतले इवलेसे फुगे सूक्ष्म जीव ओढून घेतात, हे सांगायला घाई चालत नाही. असा गट रविवारी दुपारी नेऊ नका; मधल्या वारी, सकाळी लवकर न्या.