आमची वाटचाल : एकगठ्ठा यूजर आयडीचं काम

आमची फर्म छोटी आहे, माणसं मोजकीच, आणि काम म्हणाल तर एकच, नेटवर्कवर एकदम शेकडो-हजारो यूजर आयडी तयार करून देणं. कॉलेजचं नवीन वर्ष सुरू होतं तेव्हा, कंपनीत मोठी बॅच जॉईन होते तेव्हा, दोन संस्था एकत्र येतात किंवा जुना सर्व्हर जाऊन नवा येतो तेव्हा आम्हाला बोलावणं येतं. बऱ्याच जणांना वाटतं यात एवढं काय, स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची तयार फाईल, चालवली की झालं. स्क्रिप्ट चालायला खरंच काही मिनिटंच लागतात. पण त्या मिनिटांच्या आधी आणि नंतर जे करावं लागतं त्यावर आमची फर्म उभी आहे, आणि तेच जरा सविस्तर सांगावं म्हणून हे लिहितोय.

सुरुवात झाली ती केबल टाकणं, सर्व्हर बसवणं अशा कामांतून. तो विंडोज एनटीचा, म्हणजे सर्व्हरसाठीच्या जुन्या विंडोजचा काळ. यूजर मॅनेजर उघडायचा, न्यू यूजर, नाव, पूर्ण नाव, पासवर्ड दोनदा, ग्रुप, ॲड, की परत पुढचा. दहा-वीस लोकांचं ऑफिस असेल तर ठीक होतं, पण अख्ख्या कॉलेजचे विद्यार्थी असे हाताने भरायचे म्हणजे माणूस थकतो आणि थकलेला माणूस स्पेलिंग चुकतो. नेटवेअर ही दुसरी सर्व्हर प्रणाली वापरणाऱ्यांकडे तेव्हा मेकयूजर नावाचं टूल होतं, फाईलमध्ये ओळी लिहून द्यायच्या आणि ते खाती, म्हणजे यूजर आयडी, बनवून टाकायचं. एनटीवर सगळ्यांनी जी युक्ती धरली ती एक्सेलची. एका कॉलममध्ये नावं, दुसऱ्यात पासवर्ड, तिसऱ्यात फॉर्म्युला लावून नेट यूजर कमांडची पूर्ण ओळ जोडायची, तो कॉलम नोटपॅडमध्ये पेस्ट करून बॅच फाईल म्हणून सेव्ह करायचा, आणि डबल क्लिक. पहिल्यांदा जो बघेल त्याला ती जादूच वाटायची. मात्र पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह असेल तर बॅच फाईल ते गिळून टाकते, अँडचं चिन्ह असेल तर कमांड तिथेच तुटते. विंडोज २००० पासून अजून एक भर पडली, पासवर्ड १४ अक्षरांपेक्षा मोठा असेल तर कमांड मध्येच थांबून विचारते की जुन्या मशीनवर हा चालणार नाही, पुढे जाऊ का, आणि रात्रभर चालेल म्हणून लावलेली फाईल सकाळी त्याच प्रश्नावर उभी दिसते.

मग २००० साली ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे नेटवर्कवरची सगळी खाती एका जागी ठेवणारी विंडोज सर्व्हरची सोय, आली आणि या कामाचं रूपच बदललं. सीएसव्हीडीई नावाची कमांड सोबतच मिळायची, सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने तोडलेल्या साध्या यादीची फाईल दिली की खाती तयार. पण ती पासवर्ड लावू शकत नाही. म्हणजे आधी खातं ५१४ या आकड्याने, म्हणजे बंद अवस्थेत बनवायचं, मग वेगळ्या मार्गाने पासवर्ड लावायचा, आणि मग तोच आकडा ५१२ करून खातं चालू करायचं. पासवर्डचा नियम कडक असलेल्या डोमेनमध्ये, म्हणजे एकाच यादीवर चालणाऱ्या नेटवर्कमध्ये, कोणी थेट ५१२ देऊन खाती बनवायला गेलं तर ती बनतच नाहीत. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये डीएसॲड आलं तेव्हा पासवर्डसकट एका ओळीत काम व्हायला लागलं. आणि खरी सोय झाली ती २००९ ला, सर्व्हर २००८ आर२ सोबत पॉवरशेल या विंडोजच्या स्क्रिप्ट भाषेचं ॲक्टिव्ह डिरेक्टरी मॉड्यूल आलं तेव्हा. इम्पोर्ट-सीएसव्हीने फाईल वाचायची, न्यू-एडीयूजरने खातं बनवायचं. आम्ही तेव्हापासून फक्त हेच काम करायचं ठरवलं, बाकीची कामं हळूहळू सोडली.

लोक आम्हाला विचारतात की आता तर स्क्रिप्ट सगळीकडे फुकट मिळतात, मग तुमची गरज काय. मी मनापासून सांगतो, स्क्रिप्ट घ्याच फुकटची, चांगल्या असतात. पण न्यू-एडीयूजरची एक गोष्ट बघा, पासवर्ड धोरणात बसला नाही तर ती एरर देते पण खातं मात्र बनवून ठेवते, बंद अवस्थेत. आता तुम्ही यादी दुरुस्त करून स्क्रिप्ट परत चालवली की ती म्हणणार हे खातं आधीच आहे, आणि पुढे जाणार. शेवटी काही खाती चालू, काही बंद, काहींना ग्रुप लागलेत काहींना नाहीत, आणि कोण कुठल्या अवस्थेत आहे हे कोणालाच माहीत नाही. म्हणून आमची स्क्रिप्ट आधी बघते की हा माणूस आहे का, असेल तर काय कमी आहे तेवढंच पुरं करते, आणि ती कितीही वेळा चालवली तरी निकाल तोच येतो. प्रत्येक ओळीचं काय झालं ते लॉगमध्ये लिहिलेलं असतं.

पण स्क्रिप्टपेक्षा जास्त वेळ आमचा जातो यादीवर. हे काम म्हणजे मुळात यादीचं काम आहे, असं माझं इतक्या वर्षांनंतर ठाम मत झालंय. यादी येते एचआरकडून किंवा ॲडमिशनच्या ऑफिसकडून, एक्सेलमध्ये, आणि ती माणसांनी वाचण्यासाठी बनवलेली असते. मर्ज केलेले सेल, मध्येच विभागाचं नाव लिहिलेली ओळ, नावाच्या शेवटी स्पेस, आणि कधी कधी तर रिकामी दिसणारी पण रिकामी नसलेली स्पेस जी डोळ्याला कळतच नाही. एम्प्लॉयी नंबरच्या सुरुवातीची शून्यं एक्सेलने खाल्लेली. तारखेत दिवस-महिना उलटसुलट. देवनागरीत नावं असतील आणि फाईल साध्या सीएसव्हीमध्ये सेव्ह केली असेल तर सगळी प्रश्नचिन्हं होतात, तिथे यूटीएफ-८ वालाच पर्याय निवडावा लागतो, आणि एकदा प्रश्नचिन्हं झाली की त्या फाईलमधून नाव परत येत नाही, मूळ एक्सेलच मागवावी लागते. मग एकाच माणसाची दोनदा नोंद, एकदा एका स्पेलिंगने एकदा दुसऱ्या. आणि उलटंही, दोन वेगळी माणसं पण नाव अगदी सारखं.

सारख्या नावाचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा किचकट आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत लॉगिन नेम अख्ख्या डोमेनमध्ये एकमेव लागतं, पूर्ण नाव त्या ओयूमध्ये, म्हणजे डोमेनमधल्या त्या कप्प्यात, एकमेव लागतं, आणि ईमेलसारखं दिसणारं यूपीएन हे लॉगिन पूर्ण फॉरेस्टमध्ये, म्हणजे जोडलेल्या सगळ्या डोमेनमध्ये मिळून. शिवाय जुन्या पद्धतीच्या लॉगिन नेमला २० अक्षरांची मर्यादा, त्यामुळे नाव-टिंब-आडनाव पद्धत घेतली की लांब नावं तुटतात आणि तुटून परत दुसऱ्याशी जुळतात. आम्ही संस्थेला सांगतो की नियम आधी कागदावर लिहा, नाव जुळलं तर काय, आडनाव नसेल तर काय, नाव बदललं तर काय. आणि लॉगिन काहीही ठेवा, पण प्रत्येक खात्यात एम्प्लॉयी नंबर किंवा ॲडमिशन नंबर भराच, कारण पुढच्या वर्षी यादी जुळवायची ती नावावरून जुळत नाही, नंबरवरूनच जुळते. गेलेल्या माणसाचं लॉगिन नवीन माणसाला देऊ नका हेही आम्ही आग्रहाने सांगतो, जुन्याच्या नावाने येणारे मेल नव्याच्या इनबॉक्समध्ये पडायला लागतात.

एका संस्थेचं सांगतो, नाव घेत नाही. त्यांच्याकडे यादीत विभाग चुकले होते, तिथल्या माणसाने विचार केला की सगळी खाती उडवू आणि सुधारलेल्या यादीवरून त्याच नावांनी परत बनवू. बनलीही. आणि सकाळी कोणालाच आपलं फोल्डर उघडेना. कारण विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, एसआयडी नावाच्या नंबरने ओळखतं, आणि खातं परत बनवलं की एसआयडी नवीन. फोल्डरच्या परवानग्या बघितल्या तर नावांच्या जागी एस-१-५-२१ ने सुरू होणारे लांबलचक नंबर. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा रिसायकल बिन २००८ आर२ पासून मिळतो आणि त्यात डिलीट झालेलं खातं सहसा १८० दिवस जसंच्या तसं परत आणता येतं, पण तो आधी चालू करून ठेवावा लागतो, तिथे तो चालू नव्हता. सगळ्या परवानग्या नव्याने लावाव्या लागल्या आम्हाला. तेव्हापासून कुठेही पाय ठेवला की पहिली गोष्ट आम्ही हीच बघतो, बिन चालू आहे का.

लिनक्सवर हाच प्रकार यूआयडीचा, म्हणजे तिथल्या खात्याच्या नंबरचा. तिथे न्यूयूजर्स कमांडला कोलनने तोडलेल्या ओळींची फाईल दिली की खाती बनतात, ती फाईल मात्र जपावी लागते कारण पासवर्ड त्यात उघडे असतात. दोन सर्व्हरवर खाती वेगवेगळ्या क्रमाने बनवली की एकीकडे १००५ नंबर एकाचा आणि दुसरीकडे दुसऱ्याचा, आणि फाईल शेअर एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून फाईली वाटण्याच्या पद्धतीवर, असेल तर एकाच्या फाईली दुसऱ्याच्या नावावर दिसतात. आम्ही यूआयडी यादीतच लिहून देतो, मशीनला ठरवू देत नाही, किंवा मग एलडॅप या खात्यांच्या सामाईक यादीत एकाच जागी ठेवतो.

पासवर्डच्या बाबतीत आम्ही हट्टी आहोत हे मान्य आहे. सगळ्यांना एकच पासवर्ड द्या किंवा जन्मतारीख ठेवा अशी मागणी येते, सोपं पडतं म्हणून. आम्ही ते करत नाही. ज्या दिवशी खाती बनतात त्या दिवसापासून शेवटचा माणूस पहिल्यांदा लॉगिन करेपर्यंत आठवडे जातात, आणि तेवढे दिवस कोणीही कोणाच्याही खात्यात शिरू शकतो. आम्ही प्रत्येकाला वेगळा पासवर्ड बनवतो, त्यात शून्य आणि ओ, एक आणि एल अशी गोंधळाची अक्षरं वगळतो म्हणजे चिठ्ठीवरून टाईप करताना त्रास नको. पहिल्या लॉगिनला बदला हा पर्यायही लावतो, पण तिथे एक अडचण आहे जी लोकांना उशिरा कळते, एखादं सॉफ्टवेअर एलडॅपने लॉगिन तपासत असेल तर असा माणूस तिथून आत जाऊच शकत नाही, लॉगमध्ये डेटा ७७३ असा कोड येतो आणि स्क्रीनवर मात्र पासवर्ड चुकीचा म्हणून दिसतं. हेल्पडेस्कवरच्या मॅडम बिचाऱ्या दिवसभर पासवर्ड रीसेट करत बसतात आणि प्रत्येक रीसेटने तीच खूण परत लागते. म्हणून आम्ही आधी विचारतो की लोक पहिल्यांदा लॉगिन कुठून करणार, ऑफिसच्या पीसीवरून की वेब पोर्टलवरून, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

बाकी तांत्रिक गोष्टी थोडक्यात. खाती बनवताना एकच डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेनची यादी सांभाळणारा सर्व्हर, धरून बसायचं, नाहीतर खातं एकावर बनतं, ग्रुप लावायची कमांड दुसऱ्याला विचारते आणि तो म्हणतो असा कोणी नाही. प्रत्येक कंट्रोलरकडे एसआयडीसाठी लागणाऱ्या नंबरांचा साठा ५०० च्या गठ्ठ्याने येतो, मोठी यादी असेल आणि हे नंबर वाटणाऱ्या आरआयडी मास्टर सर्व्हरशी संपर्क तुटलेला असेल तर साठा संपला की काम मध्येच अडतं. स्क्रीनवरून एक-एक खातं बनवताना होम फोल्डर आपोआप बनतं, पॉवरशेलने फक्त पत्ता लिहिला जातो, फोल्डर आणि परवानगी आपणच करायची. क्लाऊडवर मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ॲडमिन पानावरून एका सीएसव्हीत २४९ पर्यंतच लोक चढवता येतात, आणि लायसन्स लावायच्या आधी माणसाचा देश भरावा लागतो, तो कॉलम यादीत बहुतेक वेळा नसतोच.

गेल्या काही वर्षांत आमचं लक्ष खातं बंद कधी होणार याकडे जास्त वळलंय. एकगठ्ठा बनलेली खाती एकगठ्ठा विसरलीही जातात. विद्यार्थी कोर्स संपवून गेला, कंत्राटी माणूस गेला, खातं चालूच, आणि बाहेरून घुसणाऱ्याला असंच खातं हवं असतं ज्याच्याकडे कोणी बघत नाही. त्यामुळे शेवटची तारीख माहीत असलेल्या प्रत्येकाला खातं बनवतानाच मुदत लावून टाकतो. त्यात बारकावा असा की पॉवरशेलला ३० जून दिलं तर ते ३० तारखेच्या रात्री बाराला, म्हणजे तो दिवस उजाडायच्या आधीच खातं संपवतं, शेवटच्या पेपरला बसलेला मुलगा लॉगिनच करू शकत नाही. तिथे एक दिवस पुढची तारीख द्यायची. मोठ्या ठिकाणी आता एचआरचं सॉफ्टवेअर स्वतःच खाती बनवतं आणि बंद करतं, एससीआयएम नावाच्या मानकाची २.० आवृत्ती २०१५ ला आली ती यासाठीच, आणि जिथे जमेल तिथे आम्ही स्वतःहून तेच सुचवतो जरी त्यात आमचं वर्षाला येणारं काम कमी होतं. छोट्या संस्थांकडे मात्र एचआरचं सॉफ्टवेअर म्हणजे एक्सेलच असतं, आणि तिथे आम्ही आहोत.

कोणाला आमच्याकडे काम द्यायचं असेल तर पूर्ण यादी लगेच पाठवू नका. तुमच्या खऱ्या यादीतल्या थोड्याशा ओळी पाठवा, त्यातही मुद्दाम वेडीवाकडी नावं असलेल्या, आणि पासवर्ड किंवा जन्मतारीख त्यात नको. आम्ही आधी कोरडी चाचणी करून देतो ज्यात काहीच बनत नाही, फक्त कागद निघतो की कोण नवीन बनेल, कोण आधीच आहे, कोणाचं नाव कोणाशी जुळतंय आणि कोणाचं तुटतंय. तो कागद तुमच्याकडच्या माणसाने वाचून सही केली की मगच पुढचं काम सुरू होतं.