सर्वांत वेगवान वस्तूचे इंजिन केवढे?

माणसाने बनवलेली सर्वांत वेगवान वस्तू कोणती, हा प्रश्न मला आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत आणि शाळांतील व्याख्यानांनंतर हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर एका ओळीत देता येते. 24 डिसेंबर 2024 रोजी नासाचे ‘पार्कर सोलर प्रोब’ हे यान सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे 61 लाख किलोमीटरवरून गेले, तेव्हा त्याचा वेग ताशी 6 लाख 92 हजार किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण 192 किलोमीटर होता. या वेगाने मुंबईहून निघालेली वस्तू चार सेकंदांच्या आत नागपूर गाठील. एवढे सांगितले की दुसरा प्रश्न ठरलेलाच असतो: मग त्याचे इंजिन केवढे असेल? त्याचे उत्तर जरा सविस्तर लिहितो, कारण त्या वेगाशी यानावरच्या इंजिनाचा जवळजवळ काहीच संबंध नाही. यानावर आहेत ते दिशा आणि कक्षा किंचित सुधारण्यापुरते छोटे थ्रस्टर. हे यान सूर्याकडे पडत होते, आणि सूर्य हा आपल्या आसपासचा गुरुत्वाकर्षणाचा सर्वांत खोल खड्डा असल्यामुळे त्यात पडणाऱ्या वस्तूला एवढा वेग येतो.

यावर कोणी म्हणेल की पडणे तर सोपे आहे. सूर्याच्या बाबतीत ते अजिबात सोपे नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने फिरते आणि तिच्यावरून सोडलेल्या प्रत्येक यानाला हा आडवा वेग जन्मतःच मिळालेला असतो. तो अंगात असेपर्यंत यान सूर्यावर पडत नाही, त्याला प्रदक्षिणा घालत राहते. पृथ्वीच्या कक्षेतून सूर्यमालेच्या बाहेर निघून जायचे असेल तर या 30 मध्ये आणखी साडेबारा किलोमीटरची भर पुरते. थेट सूर्यावर पडायचे असेल तर मात्र सगळेच्या सगळे 30 वजा करावे लागतात. ताऱ्यांकडे जाणे सूर्याकडे जाण्यापेक्षा स्वस्त पडते, हे ऐकल्यावर भौतिकशास्त्राचे विद्यार्थीसुद्धा क्षणभर थबकतात.

म्हणून 12 ऑगस्ट 2018 रोजी केप कॅनाव्हरलहून ‘डेल्टा-4 हेवी’ या प्रचंड रॉकेटाने जेमतेम 685 किलो वजनाचे हे यान सोडले, ते पृथ्वीच्या गतीच्या साधारण उलट दिशेने. एवढा खटाटोप करून तीसपैकी बाराएक किलोमीटर कमी झाले. उरलेले काम शुक्राकडे सोपवलेले होते. ग्रहाच्या मागून गेलेल्या यानाला ग्रह पुढे ओढतो आणि त्याचा वेग वाढतो. पुढून गेलेल्या यानाला तो मागे खेचतो आणि वेग कमी होतो. पार्कर यान ऑक्टोबर 2018 ते नोव्हेंबर 2024 या काळात शुक्राजवळून सात वेळा गेले, प्रत्येक भेटीत आपल्या गतीतला थोडा हिस्सा त्या ग्रहाला देऊन आले आणि त्यामुळे दर भेटीनंतर त्याची कक्षा सूर्याच्या बाजूने आत सरकत गेली. पहिल्या फेरीत, नोव्हेंबर 2018 मध्ये, ते सूर्यापासून सुमारे अडीच कोटी किलोमीटरवर होते आणि वेग सेकंदाला 95 किलोमीटरच्या आसपास होता. 1976 पासून ‘हेलिऑस-2’ या जर्मन-अमेरिकी यानाच्या नावावर असलेला सेकंदाला 70 किलोमीटरचा विक्रम तेवढ्यानेच मोडला. वेगाचा हा सगळा विक्रम सहा वर्षे ब्रेक दाबून मिळवलेला आहे, आणि मला या मोहिमेत सर्वांत रस वाटतो तो याच गोष्टीत.

सूर्याच्या इतक्या जवळ यान टिकते कसे, हेही विचारले जाते. त्याच्या पुढच्या बाजूला सुमारे साडेअकरा सेंटिमीटर जाडीचे कवच आहे: कार्बनच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये कार्बनचाच फेस, आणि सूर्याकडच्या अंगाला पांढरा लेप. कवचाचा दर्शनी भाग हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापतो, तरी त्याच्या सावलीतली उपकरणे खोलीच्या तापमानाजवळ राहतात. सौरपट्ट्या जवळजवळ पूर्ण मिटून सावलीत घेतल्या जातात आणि त्यांच्यातून चारेक लिटर साधे शुद्ध पाणी फिरवून त्या गार ठेवल्या जातात. यान किंचितही कलले तर सावली सरकेल आणि पृथ्वीवरून सूचना पोहोचायला आठ मिनिटे लागतील, तेव्हा सावलीच्या कडेशी बसवलेले संवेदक आणि यानावरचा संगणक ते काम आपणच उरकतात. 24 डिसेंबरच्या त्या फेरीत यानाशी संपर्कच नव्हता. ते शाबूत असल्याचा संकेत दोन दिवसांनी मिळाला.

येथे महाराष्ट्रातले श्रोते हटकून ‘आदित्य-एल1’ या भारतीय सूर्यनिरीक्षक यानाची आठवण काढतात, कारण त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने तयार केली आहे. पण आदित्य सूर्याकडे गेलेलेच नाही; ते पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, म्हणजे सूर्याच्या वाटेवर शेकडा एक अंतरावर थांबून निरीक्षण करते, आणि त्याच्या कामासाठी तीच जागा योग्य आहे.

पार्करच्या आकड्याबाबत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हे यान 88 दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करते आणि विक्रमी वेग त्यातला फार थोडा वेळ टिकतो. सूर्याला वळसा घालून ते परत वर चढू लागले की पडताना मिळालेला वेग चढताना परत जातो, आणि शुक्राच्या कक्षेजवळच्या आपल्या सर्वांत दूरच्या ठिकाणी ते सेकंदाला अवघे बारा किलोमीटर वेगाने रेंगाळत असते. पृथ्वी, म्हणजे तिच्यावर बसलेले आपण सगळे, त्याच्या अडीचपट वेगाने सूर्याभोवती धावत असतो. उलट 1977 मध्ये सुटलेल्या ‘व्हॉयेजर-1’चा वेग सेकंदाला 17 किलोमीटर आहे, पण सूर्याच्या ओढीचा जवळजवळ सगळा चढ पार केल्यावर हातात राहिलेला तो वेग आहे आणि तो आता फारसा कमी होणार नाही. विक्रम कोणाचा म्हणाल तर पार्करचा. वेग राखला कोणी म्हणाल तर मी बिनदिक्कत व्हॉयेजरचे नाव घेईन.

माणसे बसलेल्या यानांचेही असेच आहे. 26 मे 1969 रोजी चंद्राकडून परतणाऱ्या ‘अपोलो-10’मधील स्टॅफर्ड, यंग आणि सर्नन यांनी ताशी 39,897 किलोमीटरचा वेग गाठला, आणि तोही पृथ्वीकडे पडताना. इंजिनाच्या जोरावर उडणाऱ्या विमानांत ‘एक्स-15’ने 1967 मध्ये ताशी 7,274 किलोमीटर गाठले, ते याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी.

अलीकडे मुले एका लोखंडी झाकणाची गोष्ट सांगतात. 27 ऑगस्ट 1957 रोजी नेवाडात जमिनीखाली केलेल्या एका अणुचाचणीत विवराच्या तोंडावरचे सुमारे 900 किलोचे पोलादी झाकण उडाले, अतिवेगवान कॅमेऱ्याच्या एकाच चौकटीत दिसले आणि पुन्हा कधी सापडले नाही. रॉबर्ट ब्राउनली या शास्त्रज्ञाने त्याचा वेग पृथ्वीच्या मुक्तिवेगाच्या, म्हणजे तिच्या ओढीतून कायमचे सुटायला लागणाऱ्या वेगाच्या, सहापट येतो असे गणित मांडले होते, पण त्या गणितात हवेचा अडथळा धरलेलाच नव्हता. एका चौकटीवरून वेग मोजता येत नाही, आणि दाट हवेत तेवढ्या वेगाने सुटलेले पोलाद वितळून-जळून जाण्याचीच शक्यता अधिक. शिवाय सहापट खरी मानली तरी तो आकडा सेकंदाला 67 किलोमीटरच्या आसपास भरतो, पार्करच्या एक तृतीयांश.

हा विक्रम आणखी वाढेल का? या यानाकडून नाही. शुक्राच्या भेटी संपल्या आहेत, कक्षा आता तीच राहणार आणि दर फेरीत तोच आकडा येणार. दुसरे एखादे यान याहून जवळ गेले तर अधिक वेग मिळेल. मात्र सूर्याच्या ओढीवरच भिस्त ठेवायची तर मर्यादा ठरलेली आहे, कारण अगदी पृष्ठभागाशी मिळू शकणारा वेग सेकंदाला 618 किलोमीटर आहे आणि तो प्रकाशाच्या वेगाच्या एक टक्क्याच्या चौथ्या भागाइतकाही नाही.