जेम्सटाउन : उपासमारीतून तंबाखूकडे

उत्तर अमेरिकेतील इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत, म्हणजे व्हर्जिनियातील जेम्सटाउन, मे 1607 मध्ये वसवली ती राजाच्या सैन्याने नव्हे, तर लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीने, भागधारकांच्या पैशावर आणि नफ्याच्या आशेवर. स्पॅनिश हल्ल्यापासून सुरक्षित म्हणून निवडलेली जागा दलदलीची होती, पाणी मचूळ होते आणि आलेल्यांपैकी अनेकांना शेतीची सवय नव्हती. त्यामुळे त्यांचे पोट तेथील मूळ रहिवासी असलेल्या पोव्हाटन लोकांच्या मक्यावर अवलंबून राहिले. हे संबंध बिघडल्यावर 1609-10 च्या हिवाळ्यात वस्तीतील बहुतेक माणसे दगावली. 2012 मध्ये उत्खननात सापडलेल्या, सुमारे चौदा वर्षांच्या मुलीच्या कवटीवर कपाळाशी चार उथळ घाव आहेत. ते तिच्या मृत्यूनंतरचे आहेत आणि भुकेलेल्या माणसांनी घातलेले आहेत. वसाहतींच्या शौर्यकथा वाचताना मला ही कवटी विसरता येत नाही.

वसाहतीला तारले ते तंबाखूने. वसाहतीतील जॉन रॉल्फने 1612 च्या सुमारास लावलेल्या नव्या जातीला लंडनमध्ये गिऱ्हाईक मिळाले. पुढे स्वखर्चाने येणाऱ्याला 50 एकर जमीन देण्याचे धोरण कंपनीने आखले. मात्र तंबाखू जमिनीचा कस झपाट्याने शोषून घेतो, म्हणून मळे नदीकाठाने पसरत पोव्हाटनांच्या शेतांत शिरले. 1619 मध्ये जुलैअखेरीस येथे लोकप्रतिनिधींची पहिली सभा भरली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच बंदी बनवून आणलेले वीसेक आफ्रिकी लोक पॉइंट कम्फर्ट येथे उतरवून अन्नाच्या मोबदल्यात विकले गेले.