शेऱ्याच्या रकान्यातले वादळ

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातली गोष्ट आहे. विदर्भातल्या ज्या वेधशाळेत मी निरीक्षक आहे, तिथे आदल्या दिवशी कमाल तापमान 45.4 अंश नोंदले गेले होते आणि त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत पारा 45.1 वर गेला. मैदानी भागात 45 अंशांना उष्णतेची लाट धरतात. पण ती जाहीर करायला हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस निकष पूर्ण व्हावे लागतात, म्हणून त्या एका दशांशालाही किंमत होती. सकाळच्या पत्रकात आमच्या जिल्ह्यासाठी उष्णतेची लाट आणि मेघगर्जनेसह वादळी वारा असे दोन्ही इशारे होते. लोक या जोडीला हसतात. ‘दोन्ही सांगून ठेवलं की एक तर खरं होतंच,’ हे फाटकावरचा चहावाला दर उन्हाळ्यात ऐकवतो. प्रत्यक्षात वायव्येकडून तापलेला कोरडा वारा आणि बंगालच्या उपसागरावरून आलेला ओलावा यांची गाठ मध्य भारतावर पडली, की सकाळपासून जमीन भाजणारे ऊनच दुपारनंतर ढग उभे करते.

सव्वातीनच्या सुमारास ईशान्येला क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरलेला दिसला. आमच्याकडे मे महिन्यात जमिनीलगतची हवा इतकी कोरडी असते, की उंचावरच्या ढगातून सुटलेला पाऊस वाटेतच आटतो; त्या आटण्याने हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते व जमिनीवर चहूकडे पसरते. त्यामुळे वारा फार आणि पाऊस नावाला, असे पुष्कळदा होते. त्या दिवशीही आधी धुळीची भिंत आली, मग पत्रे वाजू लागले, आणि अर्ध्या तासात तापमान 29 अंशांवर उतरले. थेंब पडले ते मोठे, पण मोजकेच. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पर्जन्यमापकात 0.1 मिलिमीटरसुद्धा भरले नाही, आणि तेवढ्या पावसाला नोंदवहीत ‘ट्रेस’ असेच लिहितात.

संध्याकाळी साडेपाचचे वाचन मी नेहमीच्या काळजीने घेतले. तापमापी ठेवतात त्या स्टीव्हन्सन पेटीचे दार उत्तरेला असते, म्हणजे उघडताना ऊन तापमापींवर पडत नाही. डोळा पाऱ्याच्या टोकाच्या बरोबर पातळीत धरावा लागतो, नाहीतर दशांश सरकतो. कमाल तापमापीच्या नळीत फुग्याजवळ एक चिंचोळी जागा असते, तिच्यामुळे चढलेला पारा आपोआप मागे फिरत नाही. बाहेर गारवा होता आणि पेटीत 45.1 तसाच उभा होता. दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने 29 मे 2024 रोजी 52.9 अंश दाखवले आणि तपासणीत त्याचा संवेदक 3 अंश जास्त दाखवत असल्याचे निघाले. तेव्हापासून या जुन्या नळीवरचा माझा विश्वास वाढलाच आहे. आमचा तो दिवस कागदोपत्री उष्णतेच्या लाटेचा ठरला, आणि ते नियमाने अचूकच होते.

तिसऱ्या दिवशी एक वयस्क बागायतदार पिशवी घेऊन आले. पिशवीत लिंबाएवढी हिरवी संत्री होती, एका बाजूने ठेचलेली. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची फळे. त्यांचे गाव आमच्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, ढग होता त्याच ईशान्येला. पंचनाम्यासाठी ‘वेधशाळेचा गारपिटीचा दाखला आणा’ असे त्यांना तालुक्याला सांगितले होते. मी नोंदवही उघडून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, ‘साहेब, तुमच्या डब्यात पाऊस नाही पडला, त माह्या बगीच्यातली फळं कोनं झोडपली?’

गारांचा पट्टा कधी कधी एक-दोन किलोमीटरच रुंद असतो, हे मी त्यांना काय सांगणार? ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. शेजारच्या शिवारात एक गार पडली नव्हती. बसल्या बसल्या त्यांनी 2025 सालचेही सांगितले. त्या वर्षी मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला, जिथे 11 जून ही त्याची सरासरी तारीख आहे. त्याआधीच्या मे महिन्यातल्या सरींनीच त्यांच्या मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या, झाडांचा ताण तोडला होता. पाणी तोडून झाडे सुकवायची ती जूनच्या पावसाच्या भरवशावर. तो भरवसाच गेला, तर काय करायचे, असे ते मला विचारत होते आणि माझ्याकडे फक्त त्या महिन्याचे आकडे होते.

माझ्या आवारात गार पडली नाही, त्यामुळे गारपिटीचा दाखला मी देऊ शकत नव्हतो आणि दिला नाही. मात्र शेऱ्याच्या रकान्यात ‘ईशान्येस क्युम्युलोनिंबस, ऐरण स्पष्ट, 15.20 पासून विजा’ असे मी त्या दुपारीच लिहिले होते. हा रकाना बरेच सहकारी कोरा सोडतात, कारण तो कोणी वाचत नाही अशी त्यांची खात्री असते. त्या नोंदीचा उतारा शिक्क्यानिशी त्यांना दिला, आणि रडारच्या त्या वेळेच्या चित्रासाठी कुणाकडे अर्ज करायचा तेही लिहून दिले. जो कर्मचारी दाखला मागत होता, त्याने मोटारसायकलवर अर्धा तास घालवला असता, तर बागेतला सडा त्याला दिसला असता.

आठवड्याने त्यांचा फोन आला. तालुक्याला उतारा परत केला होता. शेरा चालत नाही, आकडा हवा, असे सांगून. रडारच्या चित्रासाठी त्यांनी अर्ज टाकला आहे, त्याचे उत्तर अजून आलेले नाही.