गुण्यात आलं का बघ आधी

दहावीचा निकाल लागला की मला फोन येतात. मी शिक्षिका, माढा तालुक्यातल्या एका हायस्कूलला विज्ञान-गणित शिकवते, त्यामुळे नात्यातले, गावातले, जुन्या विद्यार्थ्यांचे आईवडील सगळे विचारतात, मॅडम पोरगं गणितात राहिलंय, आता याचं काय करायचं. यंदा इतके फोन आले की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं, कारण फोनवर पाच मिनिटांत हे सांगता येत नाही आणि मला ते मनापासून सांगायचंय.

तर माझं उत्तर असतं पाबळ. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, पुण्यापासून साधारण सत्तर किलोमीटर. पाऊस कमीच असतो, कोरडवाहू गाव. इथे 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग नावाच्या माणसाने विज्ञान आश्रम सुरू केला. हे कलबाग सर अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून पीएचडी करून आलेले, मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर होते, ते सगळं सोडून बायकोला, मीराताईंना, सोबत घेऊन या दुष्काळी गावात येऊन राहिले. आणि कुणाला शिकवायला, तर शाळेतून गळालेल्या, नापास झालेल्या, "याच्या डोक्यात काय शिरत नाही" असा शिक्का बसलेल्या पोरांना. 2003 मध्ये ते गेले, पण आश्रम अजून जोरात चालू आहे.

त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस लहानपणी चालायला, बोलायला, पोहायला, आईबरोबर भाकरी थापायला जसा शिकतो तीच शिकण्याची नैसर्गिक पद्धत. हाताने करायचं, चुकायचं, परत करायचं, का चुकलं ते विचारायचं. शाळेत आपण हे उलटं करतो, आधी व्याख्या पाठ करायची आणि प्रत्यक्ष काम कधी तरी, जमलं तर.

आश्रमातला जो एक वर्षाचा निवासी कोर्स आहे, डिप्लोमा इन बेसिक रूरल टेक्नॉलॉजी, सगळे डीबीआरटी म्हणतात, त्यात चार विभाग असतात. अभियांत्रिकी म्हणजे वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम. ऊर्जा-पर्यावरण म्हणजे वायरिंग, मोटर, सोलर, बायोगॅस, सर्व्हे. शेती-पशुपालन. आणि गृह-आरोग्य म्हणजे अन्नप्रक्रिया, शिवण, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं वगैरे. प्रत्येकाने चारही करायचे, मुलीने वेल्डिंग करायचं आणि मुलाने स्वयंपाकघरात उभं राहायचं, यात सूट नाही. एकाच धंद्यात अडकवायचं नाही म्हणून हे असं. खेड्यातल्या माणसाला एका दिवसात मोटरही बघावी लागते, गाईचं औषधपाणीही आणि गोठ्याचं पत्र्याचं छपरही, मग शिक्षणाने त्यातला एकच तुकडा का द्यायचा.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. आपल्या शाळांतही "कृतीयुक्त शिक्षण" असतंच की, कार्यानुभव असतो, प्रकल्प वही असते. पण ती कृती कुणाला हवी असते का? थर्माकोलचं घर बनवलं, मार्क मिळाले, घर कचऱ्यात गेलं, त्यात कोणी राहणार नव्हतं आणि ते तिरकं झालं तरी कुणाचं बिघडत नव्हतं. पाबळच्या पद्धतीत मुलांनी गावाला सेवा द्यायची असते. कुणाला गेट हवंय, कुणाला शौचालयाचं बांधकाम, कुणाला वायरिंग, आणि समोरचा माणूस पैसे मोजतो म्हणजे तो ते काम तपासून घेणार. गेट बसलं नाही तर गेट बसलं नाही, तिथे ग्रेस मार्क नसतात. पोराला पहिल्यांदा कळतं की आपण शिकतोय याची कुणाला तरी गरज आहे. मला वाटतं सगळं गुपित इथे आहे, हत्यारं आणि वर्कशॉप हे त्याच्या नंतर येतं.

आणि यात गणित-विज्ञान सुटतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मी आमच्या शाळेतलंच सांगते, कारण पाबळचं बघून आल्यावर मी आठवी-नववीला जमेल तेवढं सुरू केलंय.

गावातल्या एका बचत गटाला भाजीची रोपं करायची होती. आमच्याकडे एप्रिलचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, वाफ्यात रोप टिकत नाही. त्यांना हलकी, स्वस्त, उचलून ठेवता येईल अशी सावली पाहिजे होती. पाबळला डोमची म्हणजे घुमटाच्या आकाराची घरं बनवतात, 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर भागातही त्यांनी असे डोम उभे केले होते, त्रिकोणांची जाळी असल्यामुळे कमी साहित्यात मजबुती येते. म्हटलं आपण बांबूचा करू. त्रिज्या 2 मीटर धरली. या साध्या प्रकारच्या डोमला दोनच लांबीचे दांडे लागतात, एक त्रिज्येच्या 0.618 पट आणि दुसरा 0.5465 पट, म्हणजे 123.6 सेंटीमीटरचे 35 आणि 109.3 सेंटीमीटरचे 30, एकूण 65, आणि जोड 26. इथपर्यंत गुणाकार झाला, पोरं म्हणाली सोप्पंय. मग कापायला बसली आणि एका मुलीने विचारलं की मॅडम हे माप बांबूच्या टोकापासून की जोडाच्या मध्यापासून? बरोबर प्रश्न होता, माप मध्यापासून मध्यापर्यंतचं असतं, म्हणजे जोडाची पट्टी जेवढी जागा खाते तेवढं दोन्हीकडून वजा करायला पाहिजे. हा प्रश्न पुस्तकातलं उदाहरण सोडवताना कुणाला पडला नसता.

मग शेडनेट किती आणायचं. दहावीचं सूत्र, अर्धगोलाचं वक्रपृष्ठफळ 2πr², म्हणजे 25 चौरस मीटर. पण एका गटाने वेगळंच केलं, त्यांनी डोममधले 40 त्रिकोण मोजले, 10 समभुज आणि 30 समद्विभुज, प्रत्येकाचं क्षेत्रफळ काढून बेरीज केली तर साधारण 23 आलं. दोन गटांत भांडण. माझं चुकलं की तुझं चुकलं, परत आकडेमोड, दोन्ही बरोबर. शेवटी त्यांनीच शोधलं की त्रिकोण सपाट आहेत आणि गोल फुगीर आहे, दांडे गोलाच्या आतून गेलेत, म्हणून त्रिकोणांची बेरीज नेहमी कमीच येणार, आणि त्रिकोण आणखी लहान लहान केले तर ती 25 च्या जवळ सरकत जाईल. आठवी-नववीतल्या पोरांनी ही गोष्ट स्वतः बोलून दाखवणं म्हणजे काय, हे गणित शिकवणाऱ्यांना विचारा, मला त्या दिवशी घरी जाऊन झोप आली नाही आनंदाने. नेट अर्थातच 25 पेक्षा जास्तच आणलं कारण दुमडायला आणि कातरणात जाणारं धरावं लागतं, तेही एस्टिमेटमध्ये पोरांनीच लिहिलं. साहित्य, मजुरी, वाहतूक, एकूण. बचत गटातल्या काकूंनी त्या एस्टिमेटमधले दोन आकडे कमी करायला लावले, घासाघीस झाली, हेही शिक्षणच आहे.

यात आम्हाला शिकवलं कुणी? गावातल्या गवंडीकाकांनी. त्यांनी जमिनीवर आखणी करताना दोरीने तीन फूट, चार फूट आणि तिरकस पाच फूट मोजून काटकोन काढून दाखवला, पायथागोरसचा 'प'पण त्यांना ठाऊक नाही आणि गरजही नाही. "गुण्यात आलं का बघ आधी, मग पुढं जा" (गुण्यात म्हणजे काटकोनात) हे त्यांचं वाक्य आता आमच्या वर्गात उत्तर तपासतानासुद्धा पोरं एकमेकांना म्हणतात. गावातल्या शाळांना हे किती सहज शक्य आहे बघा, सुतार, गवंडी, वायरमन, नर्सताई, दूध संकलनवाले, सगळे पायी अंतरावर आहेत. पाबळने जो शाळांमधला कार्यक्रम केला, आयबीटी म्हणतात त्याला, मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख, त्यात हेच आहे, आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस, आणि शिकवायला स्थानिक कारागीर.

अजून एक उदाहरण देते, कारण मला ते फार आवडतं. विहीर-बोअरच्या आधी आपल्याकडे नारळ घेऊन पाणी बघणारा माणूस बोलावतात. आश्रमातली पोरं जमिनीत चार सळया सारख्या अंतरावर ठोकतात, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात, आतल्या दोघींमधला व्होल्टेज मोजतात. त्यावरून खालच्या थराचा विद्युत रोध निघतो. ओला, मुरमाचा, भेगा पडलेला थर असेल तर रोध कमी, कठीण काळा पाषाण असेल तर जास्त. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की आणखी खोलचा अंदाज येतो. यात ओहमचा नियम आहे, आलेख आहे, भूगोलातला दख्खनचा बेसाल्ट आहे, आणि समोर बोअरला पैसे घालायच्या आधी श्वास रोखून उभा असलेला शेतकरी आहे. नववीच्या पुस्तकात हेच सगळं वेगवेगळ्या धड्यांत, वेगवेगळ्या महिन्यांत असतं आणि एकमेकांशी त्यांची कधी गाठ पडत नाही.

आणि गाव म्हणजे मागास तंत्रज्ञान असंही नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्रा. नील गर्शनफेल्ड यांच्या फॅब लॅबच्या (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी हवी ती वस्तू बनवायची कार्यशाळा) कल्पनेतली अगदी सुरुवातीची लॅब 2002 मध्ये पाबळला आली. लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर हे शब्द आपल्या शहरातल्या शाळांनी ऐकले त्याच्या कितीतरी आधी.

आता आक्षेप. हा मला दरवेळी विचारतात आणि तो विचारायलाच पाहिजे असा आहे. "म्हणजे गरिबाच्या पोराने वेल्डिंग करायचं आणि डॉक्टरच्या पोराने नीट द्यायची का?" 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण मांडलं, झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम केला, तेव्हापासून ही शंका आहे आणि ज्यांच्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकच काम जातीने चिकटवलं त्यांनी तर ती विचारावीच. सुताराच्या पोराला परत रंधाच हातात देणार असाल तर त्याला शाळेत यायचं कशाला? माझं उत्तर असं की हे शिक्षण फक्त नापासांसाठी ठेवलं तर आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो. ते सगळ्यांना पाहिजे. डॉक्टरच्या पोरीने वीट लावावी आणि सुताराच्या पोराने हिमोग्लोबिन तपासावं, चारही विभाग सगळ्यांना करायला लावण्यामागे मला तरी हाच अर्थ दिसतो. हाताने शिकलेला पोरगा पुढे इंजिनिअर होऊ शकतो, त्याचा रस्ता बंद होता कामा नये. म्हणून मान्यता महत्त्वाची. डीबीआरटीला एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता आहे, आणि दहावी राहिलेल्याला एनआयओएसमधून दहावी-बारावी करता येते, हे दोन्ही पालकांनी लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात हे काही एकट्या पाबळला सुचलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, नंतर कोसबाडला गेल्या, डहाणू तालुक्यात, वारली मुलांमध्ये. मुलं शाळेत येत नाहीत कारण गुरं राखायला जातात, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. गुरं चरतायत, बाजूला झाडाखाली शाळा. मुलं बिनकामाची आहेत असं त्या समजल्या नाहीत, मुलांचं काम मान्य करून त्याच्या शेजारी शिक्षण मांडलं. ते एवढ्या वर्षांपूर्वी झालं आणि आपण आज हजेरी कमी म्हणून पोरांना नोटीस काढतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवलेत, त्यात सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्या हाताखाली शिकायचं असं लिहिलंय. चांगलं आहे, मी स्वागतच करते. पण दहा दिवसांत कुंभाराचं चाक लांबून बघून फोटो काढून होतील. मातीला हात लागून, मडकं फुटून, परत बसायला आठवड्यातून ठरलेला दिवस लागतो आणि तो वेळापत्रकात छापलेला लागतो, नाहीतर पहिल्या चाचणीच्या आधी तोच तास गणिताला जातो. हेडसरांनी मला शनिवारचे तास दिलेत, दुसऱ्या शिक्षकांनी हेडसरांकडे हक्काने मागा.

फोन करणाऱ्यांना एवढंच, पोराला सोबत नेऊन एक दिवस पाबळला राहून बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. तिथे शिकणाऱ्या मुलांशी बोला, त्यांच्या रोजच्या वह्या बघायला मागा, ड्रॉइंग आणि हिशोब कसे लिहिलेत ते बघा. फी, राहण्याची सोय, प्रवेश कधी सुरू होतात हे आश्रमालाच विचारा, दरवर्षी बदलू शकतं. आणि येताना गाडीत पोराला "मग काय ठरवलं" असं लगेच विचारू नका, दोनतीन दिवस जाऊ द्या, त्याला काय काय दिसलं ते तोच बोलेल.