कर्न्सच्या घड्याळाखाली

डेट्रॉइटमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या कुणाहीजवळ जुन्या डाउनटाउनचा, म्हणजे शहराच्या मधल्या बाजारपेठेचा, विषय काढून बघा. पहिल्या पाच मिनिटांत कर्न्सचं घड्याळ आलं नाही असं होत नाही. वुडवर्ड अॅव्हेन्यूवर कर्न्स नावाचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर होतं आणि त्याच्या कोपऱ्यावर हे घड्याळ होतं. ‘सहाला घड्याळाखाली’ एवढं सांगितलं की काम झालं, कोणतं घड्याळ हे कुणी विचारत नसे. खरेदीला निघालेल्या मैत्रिणी तिथेच भेटायच्या, पहिल्यांदा भेटणारी जोडपीही तिथेच, आणि ऑफिसातून सुटणाऱ्या नवऱ्याची वाट बघत बायकाही तिथेच ताटकळायच्या. दुकान १९५९ मध्ये बंद झालं, १९६६ मध्ये इमारतही पाडली. घड्याळ मात्र कुणीतरी शहाणपणाने जपून ठेवलं आणि आता ते पुन्हा वुडवर्डवरच उभं आहे. मीही हौसेने त्याच्याखाली थोडा वेळ उभी राहून आले.

मी या शहरात पोहोचले तेव्हा यातलं काहीच उरलं नव्हतं. गाड्यांच्या धंद्यामुळे इथे आलेल्या बहुतेक मराठी मंडळींसारखी मीही उपनगरात राहते. माझं डाउनटाउन म्हणजे दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं शहर आहे. पण ते इतक्या वेळा ऐकलंय की आता मलाच काही वेळा वाटतं, आपणही लहानपणी नवा कोट घालून हडसन्सच्या लिफ्टमधून बाराव्या मजल्यावर गेलो होतो.

कारण बाराव्या मजल्यावर खेळणी असायची, आणि नाताळात सांताक्लॉज. जे. एल. हडसन कंपनीचं हे दुकान वुडवर्डवर चारी बाजूंच्या रस्त्यांमधली अख्खी जागा व्यापून उभं होतं. न्यूयॉर्कमधल्या मेसीजच्या खालोखाल देशातलं सर्वांत मोठं, आणि उंचीत तर जगातल्या सगळ्या डिपार्टमेंट स्टोअर्सच्या वरचढ. लिफ्ट चालवायला हातमोजे घातलेल्या बायका असत आणि त्या मजल्यामजल्यावर काय मिळतं ते घोकल्यासारखं म्हणत. सणाला इमारतीच्या दर्शनी भागावर सात मजले झाकणारा राष्ट्रध्वज लागे. थँक्सगिव्हिंगची मिरवणूक याच दुकानाने १९२४ मध्ये सुरू केली. वस्तू परत घेण्याच्या बाबतीत तर हडसन्सचा उदारपणा दंतकथेत जमा झालाय. मिशिगनमधल्या प्रत्येक कुटुंबात एक आत्या असतेच, जिने म्हणे वापरून झिजलेली कुठलीशी वस्तू परत दिली आणि काउंटरवरच्या माणसाने हसतमुखाने पैसे हातात ठेवले. यातल्या निम्म्या आत्या काल्पनिक असाव्यात असा मला दाट संशय आहे.

खाण्याच्या आठवणी मात्र शंभर टक्के खऱ्या, कारण त्या सांगताना माणसाच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसतं. हडसन्सच्या भोजनगृहातलं मॉरिस सॅलड लोक अजून घरी करतात. सँडर्सच्या दुकानात उंच स्टुलावर बसून खाल्लेलं हॉट फज, म्हणजे घट्ट गरम चॉकलेट सॉस, घातलेलं आइस्क्रीम. ते फज आज किराणा दुकानात बरणीत मिळतं, पण ‘तशी चव नाही’ हे वाक्य बरणीबरोबर फुकट येतं. आणि व्हर्नर्स! १८६६ पासूनचं हे इथलं आल्याचं पेय. इतका जोरकस फेस की पहिला घोट घेताना हमखास शिंक येते. नदीच्या बाजूला वुडवर्डवरच त्यांचा कारखाना होता, तिथे ताजं व्हर्नर्स मिळे. त्यात व्हॅनिला आइस्क्रीम घातलं की त्याला बॉस्टन कूलर म्हणतात, आणि त्याचा बॉस्टन शहराशी काडीचा संबंध नाही. पोट बिघडलं की इथल्या आया मुलांना हेच व्हर्नर्स कोमट करून पाजतात. हे ऐकल्यावर मला ही माणसं एकदम आपल्यातलीच वाटली. आपल्याकडे आलेपाक, यांच्याकडे बाटली.

रात्री सिनेमा सुटला की लोक लाफायेत बुलेव्हार्डवर कोनी खायला जात. पावात सॉसेज, वर बीन्स न घातलेली चिली, म्हणजे खिम्याचा मसालेदार रस्सा, मोहरीचं सॉस आणि बचकभर चिरलेला कांदा. गस केरॉस या ग्रीक माणसाने १९१७ मध्ये अमेरिकन कोनी आयलंड सुरू केलं आणि त्याला भिंत लावूनच भावाचं लाफायेत कोनी आयलंड उभं राहिलं. दोन्ही दुकानं अजून आहेत, दोन्हींचे भक्तही. एकाच घरात नवरा लाफायेतचा आणि बायको अमेरिकनची, असे संसार मी पाहिलेत. शाकाहारी असल्यामुळे या वादात निवाडा देण्याची माझी पात्रता नाही, आणि ते फार सोयीचं आहे.

सिनेमावरून आठवलं, मिशिगन थिएटर. १९२६ मधलं, चारएक हजार खुर्च्यांचं, राजवाड्याचा थाट. आज तिथे गाड्या लावतात. थिएटर पाडलं तर शेजारच्या ऑफिसच्या इमारतीला धोका, आणि त्या ऑफिसातल्यांना पार्किंगची गरज. तेव्हा खुर्च्या काढून आत तीन मजल्यांचं पार्किंग केलं. वर मान केली की अजून ते नक्षीचं छत दिसतं, पापुद्रे सुटलेलं. गंमत पुढेच आहे. हेन्री फोर्डने १८९६ मध्ये आपली पहिली गाडी ज्या शेडमध्ये जुळवली, ती शेड याच जागेवर होती. गाडी जिथे जन्मली तिथे थिएटर आलं, आणि शेवटी ती जागा गाडीनेच परत घेतली. कुणा कथालेखकाने हे लिहिलं असतं तर ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणून मी पुस्तक मिटलं असतं.

ट्रामचंही तसंच. वुडवर्डवरच्या जुन्या ट्रामपैकी शेवटची ८ एप्रिल १९५६ ला धावली आणि त्या गाड्या मेक्सिको सिटीला विकल्या गेल्या. गाड्यांच्या राजधानीत ट्राम कुणाला हवी होती? पण याच लोकांना आता ट्रामची घंटा आठवते. १९५० मध्ये डेट्रॉइटमध्ये साडेअठरा लाख लोक राहत होते, २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखही भरले नाहीत. जे गेले त्यांतले बरेचसे गाडीत बसून फार तर तासाभराच्या अंतरावर गेले. शहराची आठवण सगळ्यांत जास्त तेच काढतात. मी त्यांना हसू शकत नाही. आमच्या गणपतीत दादरच्या कट्ट्यांसाठी हळवी होणारी मंडळी आहेत, त्यांना विमानतळावर कुणी ढकलत नेलं नव्हतं.

काहींना मात्र हे शहर पूर्ण मिळालंच नव्हतं. वुडवर्डच्या पायथ्याच्या धक्क्यावरून बॉब-लो बेटाकडे आगबोटी सुटत. डेकवर नाच, बेटावर पाळणे. कुठल्याही गोऱ्या आजीला विचारा, डोळे चमकतात. १९४५ मध्ये सारा एलिझाबेथ रे ही चोवीस वर्षांची तरुणी वर्गातल्या मैत्रिणींबरोबर याच बोटीवर चढली. सगळ्यांत ती एकटीच काळी. तिला बोटीवरून उतरवलं. ती न्यायालयात गेली, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि १९४८ मध्ये बोट कंपनी हरली. काळ्या डेट्रॉइटचं स्वतःचं डाउनटाउन होतं, हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या आजूबाजूला: क्लब, केशकर्तनालयं, डॉक्टरांचे दवाखाने, गायिका अरीथा फ्रँकलिनचे वडील प्रवचन देत ते चर्च. तो अख्खा रस्ता क्रायस्लर फ्रीवेखाली गेला. तिथल्या लोकांनी आठवण काढायची तर भेटायचं कुठल्या घड्याळाखाली? मी त्या फ्रीवेवरून ताशी सत्तर मैलांनी जाते, आणि हे कळल्यापासून दर वेळी नाही तरी अधूनमधून ते मनात येतंच.

पुष्कळ जण डाउनटाउन ओस पडल्याचं सगळं खापर १९६७ च्या जुलैतल्या दंगलीवर फोडतात. त्यात ४३ माणसं गेली, जखम खोल होती. पण गर्दी त्याच्या कितीतरी आधीपासून ओसरत होती. दंगलीच्या तेरा वर्षं आधी, १९५४ मध्ये, उपनगरात साउथफील्डला नॉर्थलँड नावाचं प्रचंड शॉपिंग सेंटर उघडलं. आराखडा व्हिक्टर ग्रुएन या व्हिएन्नाहून आलेल्या वास्तुरचनाकाराचा. कारंजी, शिल्पं, फुलझाडं, चालायला मोकळे चौक. त्याला उपनगरात युरोपातल्यासारखी पेठ वसवायची होती. पुढे मॉल्सचं जे झालं ते पाहून त्याने स्वतःच त्यांच्याशी नातं तोडलं. आणि नॉर्थलँड बांधलं कुणी? हडसन्सनेच. गिऱ्हाईक उपनगरात चाललंय म्हणून दुकान त्याच्या मागे गेलं, आणि दुकान गेलं म्हणून उरलेलं गिऱ्हाईकही गेलं. वुडवर्डवरचं दुकान १९८३ च्या जानेवारीत बंद झालं. १९९८ च्या ऑक्टोबरात सुरुंग लावून ती इमारत पाडली, तेव्हा हजारो लोक बघायला जमले. इतकी गर्दी दुकान चालू असतानाच्या शेवटच्या वर्षांत झाली असती तर कदाचित पाडायची वेळ आली नसती, असं आपलं माझं मत.

आता नॉर्थलँडही २०१५ मध्ये बंद झालंय. माझी एक ऑफिसातली सहकारी तिथे लहानाची मोठी झाली. तिथल्या ‘मुलगा आणि अस्वल’ या शिल्पाच्या अंगाखांद्यावर ती खेळली होती. ते शिल्प साउथफील्डच्या ग्रंथालयात हलवलंय, तिथे जाऊन ती त्याच्याबरोबर फोटो काढून आली आणि दिवसभर हळवी होऊन सगळ्यांना दाखवत होती.

हे मी शेजारच्या आजोबांना सांगितलं. ते कारखान्यातून निवृत्त झालेले, कर्न्सच्या घड्याळाखाली आजींना पहिल्यांदा भेटलेले. ते एकदम तापले.

“नॉर्थलँडसाठी रडायचं? अहो, त्या मॉलनेच तर डाउनटाउन मारलं!”

“मग तुम्ही कधी गेला नाहीत तिथे?”

“दर शनिवारी जायचो,” आजोबा म्हणाले. “पार्किंग फुकट होतं ना.”